आडवी दांडी

८ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि नव्या घराचे फोटो पोचले. फोटो मी यांच्यापुढे ठेवले. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि मग विचारलं की, यातला तुझ्या बहिणीचा भाग कोणता. त्यांना वाटलं, एवढ्या घरात चार-पाच बिऱ्हाडं तरी असणार. सगळंच तिचं आहे म्हटल्यावर चष्मा काढून म्हणाले, मग रखवालदार चांगला ठेवायला सांग. रखवालदाराला दुसरं काय सुचणार. रात्रभर फर्निचरच्या दुकानातले पलंग राखतात आणि सकाळी घरी येऊन सतरंजीवर झोपतात.

मी फोनवर धड बोलत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, फोनवर तुझ्यामागे सारखं कुणीतरी काहीतरी विचारत असतं आणि माझ्यामागे नळावरची भांडणं. पत्रात आपण दोघीच असतो. शिवाय तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच तिरकं आहे, ते बघून बरं वाटतं.

आता कामाची बातमी. आमच्या म्हाताऱ्या मालकांनी लॉन्ड्री विकली. मुलाला ओल्या चादरींच्या धंद्यात पडायचं नाही, म्हणून कुठल्याशा मोठ्या कंपनीला दिली. नवे लोक आले, चकचकीत बूट घालून. एक जण अख्खा दिवस माझ्या शेजारी घड्याळ घेऊन उभा होता. मी आणि टकळी गरम रोलरच्या तोंडाशी असतो. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणायची आणि रोलरला द्यायची, पलीकडून ती कडक होऊन निघते. टकळी म्हणजे बावीस वर्षांची पोरगी, आईबाप नाहीत, एका खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. तोंडाला विश्रांती नाही म्हणून सगळ्या तिला टकळीच म्हणतात. मशीनच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नाही, तरी ती बोलतेच. मला आता तिचं ओठांवरून कळतं. तिने त्या घड्याळवाल्याला विचारलं की, साहेब, शिंक आली तर तो वेळ कोणत्या खात्यात धरणार. त्याने ते खरंच लिहून घेतलं.

आमची जेवायची खोली गेली, तिथे साबणाची पिंपं आली. डबा आता जिन्यात बसून खातो. आणि आम्ही कंपनीच्या नोकर नाही म्हणे, ठेकेदाराच्या. काम तेच, जागा तीच, फक्त आजारी पडलं तर त्या दिवसाचा पगार नाही. मॅनेजरने हे इतक्या गोड शब्दांत सांगितलं की दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या.

भाच्याला माझा पापा दे. जावईबापूंना नमस्कार. तब्येतीला जप आणि आमच्यावर माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचा निरोप यांना सांगितला, खूप हसले. रखवालदार आहेत, तिघे आहेत, आणि तिघेही मला अजून ओळखत नाहीत. परवा मी पायी बाहेर जाऊन भाजी घेऊन आले तर त्यांनी मला मागच्या दाराकडे पाठवलं. कामवाल्या बायकांची लिफ्ट वेगळी आहे. मी गुपचूप त्याच लिफ्टने वर आले. त्या लिफ्टमध्ये आरसा नाही, एवढाच काय तो फरक.

मध्ये एक धक्का बसला होता, आता सगळं ठीक आहे. तुझा भाचा सायकलवरून पडला आणि मनगट मुरगळलं. हाड शाबूत होतं, तरी डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं. खोलीत सोफा, भिंतीवर चित्रं, आणि त्याला काय खायचंय ते विचारायला एक मुलगी वही घेऊन आली. चादरी इतक्या शुभ्र की मला एकदम तुझी आठवण झाली. मी त्यावर हात फिरवत बसले होते, नर्सला वाटलं मला काही तक्रार करायची आहे.

तुमच्या लॉन्ड्रीबद्दल यांना विचारलं. ते म्हणाले की नवे मालक आले की सुरुवातीला जाच वाटतो, पण पैसा घालतात, नवी यंत्रं आणतात, शेवटी कामगारांचंच भलं होतं. त्यांना यातलं कळतं. त्यांचं कामच ते आहे, रडतखडत चाललेले धंदे कंपनीने घ्यायचे आणि उभे करायचे. यंदा त्यांचं फार कौतुक झालं. घरी येतात तेव्हा मात्र बोलायचंही त्राण नसतं, जेवताना पानाकडे बघत असतात.

तू सुट्टी घेऊन ये ना. पगार कापला तर कापू दे, मी बघते. आणि आलीस की पाहुणीसारखी कोपऱ्यात बसून राहू नकोस, मागच्या वेळी तू सोफ्याच्या कडेवर अशी बसली होतीस की कुणी उठवेल की काय.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा हक्क सोडू नकोस.

तुझी,
चिमणी


१४ मे

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हात चालत नव्हता. मला काही झालेलं नाही, आधीच सांगते.

टकळीचा उजवा हात गेला. कोपराच्या वरपर्यंत कापावा लागला.

तुला समजेल असं लिहिते. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात फार पुढे गेला की दांडीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. वेग वाढवल्यापासून ती दांडी सारखी लागायची, मशीन सारखं थांबायचं, चादरी तुंबायच्या. मग मॅनेजरने एक दिवस स्टूल घेतलं आणि स्वतः ती दांडी तारेने वर बांधून टाकली. मी तिथेच उभी होते. रोज किती चादरी काढायच्या त्याचा वरून आकडा आलाय, मी काय करू, असं म्हणत होता. त्यालाही घाम फुटला होता.

पंधरा दिवसांपूर्वी, मंगळवारी, चादरीचं टोक तिच्या बोटांभोवती गुंडाळलं गेलं. मी लाल बटणाकडे धावले, ते चार पावलांवर आहे. बाकी तुला लिहीत नाही.

रस्त्यापलीकडेच ते मोठं हॉस्पिटल आहे, ज्याच्या चादरी आम्ही धुतो. तिथेच नेलं. दारातल्या माणसाने विम्याचं कार्ड मागितलं. आम्ही ठेकेदाराच्या, कार्ड कुठलं. आधी रक्कम भरा म्हणाला. मी त्याला म्हटलं, अरे, आतल्या प्रत्येक पलंगावर हिने ताणलेली चादर आहे. तो वाईट माणूस नव्हता, मान खाली घालून म्हणाला की माझीही नोकरी आहे. मग सरकारी दवाखाना, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत तिने माझ्या पदरावर डोकं ठेवलं होतं आणि शुद्धीत होती. डॉक्टर म्हणाला, लवकर आणली असती तर कदाचित मनगटापर्यंत निभावलं असतं.

आता कंपनी म्हणते की दांडी टकळीनेच काढली आणि कामात गप्पा मारत होती. तसं ठरलं तर तिला काहीच मिळणार नाही. सरकारी माणूस चौकशीला येणार आहे. मी जे पाहिलं ते सांगणार आहे. जावईबापूंना कायदा कळतो, त्यांना विचार की आधी कुणाला भेटावं, काय बोलावं. ठेकेदाराच्या मागे खरी कंपनी कोणती तेही आम्हाला नीट माहीत नाही. आम्हाला नवे कोट दिलेत त्यांच्या खिशावर निळा गोल आहे आणि आत पंख पसरलेला पक्षी. तेवढंच.

वाट बघते. आपली माणसं म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

ताई


२६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी कितीदा लिहून फाडलं ते विचारू नकोस.

तो निळा गोल आणि पक्षी यांच्या बॅगेवर आहे. यांच्या छत्रीवर आहे. आम्ही रोज चहा पितो त्या कपांवरसुद्धा आहे. मी तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होते आणि कप हातात होता.

संध्याकाळी त्यांना वाचून दाखवलं. ते मधेच उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हणाले की बऱ्याच लहान धंद्यांचा गठ्ठा एकदम घेतला, त्यात एक लॉन्ड्री होती, मी ती कधी बघितलीही नाही. मी विचारलं, गावाचं नाव तर वाचलं असेल. त्यावर त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाले, वाचलं होतं, वाटलं होतं दुसरी असेल.

ताई, ते वाईट नाहीत. तू त्यांना ओळखतेस. त्या रात्री जेवले नाहीत. आकडा त्यांनी खाली पाठवला, त्यांना तो वरून आला होता, आणि वरच्यांना आणखी कुठून तरी. पण कागदावर सही यांची आहे. दांडी वेगासाठी बांधली असं चौकशीत ठरलं तर बोट यांच्यापर्यंत येईल असं ते म्हणतात. नोकरी जाईल, कदाचित कोर्टही. हे घर कंपनीचं आहे, भाच्याची शाळा कंपनी भरते. आमचं म्हणून काय आहे ते मी काल पहिल्यांदा मोजायला बसले, आणि फार वेळ लागला नाही.

ते तुला वेगळं लिहिणार आहेत. टकळीला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी करू म्हणतात, स्वतःच्या खिशातून. फक्त तू चौकशीत आपल्याला दिसलं नाही म्हणावं.

हे मी तुला सांगते आहे, मागत नाही. मागते आहे की नाही हे मलाच कळत नाही. तू जे करशील त्यानंतरही मला पत्र लिही, एवढं मात्र मागते.

चिमणी


३ जून

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

चिमणीने सर्व सांगितलं असेलच. झाल्या प्रकाराचं मला मनापासून दुःख आहे. शब्दांनी हात परत येत नाही हे मी जाणतो.

तुम्ही मोठ्या आहात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. तुमची लॉन्ड्री आजच जेमतेम चालते. अपघाताचा दोष कंपनीवर आला तर वरचे लोक ती चालू ठेवणार नाहीत. ती दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणं त्यांना सोपं आहे. मग साठेक बायका घरी बसतील, त्यात तुम्हीही आलात. एका मुलीला न्याय मिळावा हे खरं, पण त्याचा भार ज्या साठ घरांवर पडेल त्यांचाही विचार व्हावा. हे नियम मी केलेले नाहीत. मी नसतो तर माझ्या खुर्चीत दुसरा कुणी असता आणि त्याने तुम्हाला पत्र लिहिलं नसतं.

मुलीचा दवाखाना, कृत्रिम हात, पुढची सोय, ही जबाबदारी मी व्यक्तिशः घेतो. तुमच्यासाठी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोठारात देखरेखीचं काम मिळू शकेल, बसून करण्यासारखं. निर्णय तुमचा. तो काहीही असला तरी आपल्याविषयीचा माझा आदर कमी होणार नाही, आपणही मला परका मानू नये.

आपला,
धाकटा जावई


१९ जुलै

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

चौकशी झाली. मी बोलले.

फार मोठं धाडस केलं असं समजू नकोस. आदल्या दिवसापर्यंत मी दिसलं नाही असंच म्हणणार होते. जावईबापूंचं पत्र यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, पत्र चांगलं लिहिलंय, त्यात चूक काढता येत नाही, हीच त्यातली चूक आहे. एवढं बोलून कामावर गेले.

मधल्या काळात लॉन्ड्री बंद होईल ही गोष्ट सगळीकडे पसरली होती. मी कुणालाच सांगितली नव्हती, मॅनेजरने सांगितली. जिन्यात डबा खाताना कुणी टकळीचं नाव काढेना. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या बाई, ज्यांनी टकळीला पहिल्या दिवशी चादर धरायला शिकवलं, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की माझ्या घरात नातवाला धरून पाच जण आहेत, मी आंधळी झाले असं समज. त्यांच्यावर रागावू तरी कशी.

दर रविवारी मी टकळीकडे जात होते. वॉर्डात एका पलंगावर दोन-दोन आजारी बायका. ती बोलते अजून, पण मधेच थांबते आणि उजवीकडे बघते. तिने मला एकदाही विचारलं नाही की तुम्ही सांगणार का. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मॅनेजरच्या केबिनमध्ये एकेकीला बोलावलं. सरकारी साहेब तरुण होता, थकलेला. माझ्या आधीच्या सगळ्यांनी दिसलं नाही म्हणून सांगितलं होतं. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने विचारलं की ही मुलगी कामात सारखी बोलत असायची हे खरं का, त्या वेळीही बोलत होती का. आणि मला तो मंगळवार डोळ्यांसमोर आला. चिमणे, त्या दिवशी ती गप्प होती. कितीतरी दिवस गप्पच असायची. वेग इतका होता की बोलायला दम उरायचा नाही. टकळीच्या तोंडाला त्यांनी कुलूप घातलं होतं आणि आता म्हणत होते तिने बडबडीने हात गमावला. मी म्हटलं, नाही साहेब, ती बोलत नव्हती. मग पुढचं सगळं आपोआप आलं, स्टूल, तार, मॅनेजर, वरून आलेला आकडा. जावईबापूंचं नाव मी घेतलं नाही. मला कुणी विचारलंही नाही.

बाहेर आले तेव्हा सगळ्या कामात होत्या. माझ्या जागेवर जायला वाट द्यायची तर थोडं सरकावं लागतं. कुणी सरकलं नाही. मी पिंपांना वळसा घालून गेले.

तुझ्या घरावर काय कोसळेल याची मला रोज धास्ती आहे. जे होईल ते ताबडतोब कळव. माझा राग केलास तरी चालेल, पण कळव.

तुझी,
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू तीन पत्रांतून विचारलंस की आमच्यावर काय कोसळलं. मी उत्तर दिलं नाही, कारण काहीच कोसळलं नाही.

दोष मॅनेजरवर गेला. त्याने स्वतःच्या मनाने तार बांधली असं ठरलं, त्याला काढून टाकलं. कंपनीला दंड झाला, तो यांनी एका सकाळी चहा पिता पिता मंजूर केला. आणि लॉन्ड्री बंद झाली हे तर तुला माझ्याआधी कळलं. मला ते कसं कळलं सांगू? मोठ्या हॉटेलात मेजवानी होती. वरचे साहेब उठले आणि म्हणाले की तोट्यातला धंदा वेळेवर ओळखून तो बंद करायला आणि ती जागा चांगल्या भावाने विकायला धमक लागते. मग सगळ्यांनी यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांना वरची जागा मिळाली. मी टेबलावरच्या पांढऱ्या कापडाच्या घड्या बघत बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं की तुम्हाला बरं वाटत नाही का.

घरी आल्यावर मी विचारलं की, ताई बोलल्यामुळे बंद झाली का. ते म्हणाले, गप्प राहिल्या असत्या तर कदाचित आणखी वर्षभर चालली असती. मग म्हणाले, कदाचित नसती. मग दिवा मालवला.

मी पाठवलेली मनिऑर्डर तू परत केलीस. मी माझे दागिने मोडून पाठवले होते, यांच्या पगारातले नव्हते. तू माझ्यावर रागावली असशील तर शिव्या दे, पण असं परत पाठवू नकोस. सध्या काय करतेस? टकळी कशी आहे? तिला कबूल केलेल्या मदतीचं मी काढलं की हे म्हणतात, आता प्रकरण मिटलंय, आपण काही दिलं तर वेगळा अर्थ निघेल. वकिलाने तसं सांगितलंय म्हणे.

मला तुझ्याशिवाय विचारायला दुसरं कुणी नाही. मला तोडू नकोस.

चिमणी


५ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

वेडी कुठली. रागावून परत केली नाही. आमच्या गल्लीत पोस्टमनच्या हातातलं सगळ्यांना दिसतं. त्या दिवशी तो माझ्या दारात पैसे मोजायला लागला तेव्हा समोर थोरल्या बाई उभ्या होत्या. त्यांचं बिऱ्हाड हातगाडीवर चढत होतं, भाडं थकलं म्हणून. त्यांच्यासमोर मी ते घेतले असते तर काय म्हणाल्या असत्या. म्हणाल्या नसत्या काहीच. तेच नको होतं. दागिने परत घेता आले तर घे.

लॉन्ड्री बंद झाल्यावर काहींना घरकामं मिळाली, काही अजून शोधताहेत, दोघी मुलांकडे गेल्या. माझ्याशी बोलतात असं नाही, पण दुकानात मीठ पुढे सरकवतात. मला एकच गोष्ट खाते. मी बोलले म्हणून बंद झाली की व्हायचीच होती, हे मला कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. तुझ्या नवऱ्यालाही ते माहीत नाही, हे वाचून मला जास्त भीती वाटली. एवढ्या घरांचं ज्याच्या हातात आहे त्यालाही माहीत नसतं.

टकळीला थोडी भरपाई मिळाली, ती मैत्रिणींबरोबरच्या खोलीचं भाडं आणि औषधं यांत गेली. त्या दोघींनाही भाडं परवडेना, तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली. घरात बोलणं वाढलंय. यांना ती पलंगांच्या किमती विचारून भंडावते.

मला काम मिळालंय. बसून आहे. काळजी करू नकोस. तुझा संसार सांभाळ, जावईबापूंशी अबोला धरू नकोस, एका घरात दोघं गप्प असणं वाईट. मला पत्र लिहीत जा, पैसे नको, तिरकं अक्षर पाठव.

तुझी,
ताई


२० जानेवारी

सौ. धाकट्या ताई यांस,
नमस्कार.

माझं अक्षर समजून घ्या. डावा हात अजून लहान मुलासारखा आहे, ओळीत राहत नाही.

तुम्ही मला पत्र पाठवून विचारलंत की ताई खरंच बऱ्या आहेत का, आणि मला काय हवंय. पहिल्याचं उत्तर देते. ताई बसस्टँडच्या संडासाबाहेर बसतात. सुटे पैसे घ्यायचे आणि दर थोड्या वेळाने आत जाऊन धुवायचं. बसून आहे असं त्यांनी तुम्हाला लिहिलं ते खोटं नाही, खुर्ची आहे. गुडघे सुजतात म्हणून रात्री भाऊजी शेक देतात. तुमचं पत्र आलं की त्या मला मोठ्याने वाचून दाखवतात, पण मधली वाक्यं गाळतात, ते मला कळतं. मी तुम्हाला लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. कळलं तर मला खूप बोलतील.

त्यांनी माझ्यासाठी तोंड उघडलं. मी सांगितलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, नका बोलू. मला माहीत होतं सगळ्यांचं काय होईल. त्या बोलल्याचं मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं, दोन्ही एकाच वेळी. पूर्वी मी अशा गोष्टीवर दिवसभर बोलले असते.

मला काय हवंय याचा पुष्कळ विचार केला. लाकडाचा हात नको, तो नुसता लटकतो असं वॉर्डातली एक बाई सांगायची. पैसे दिलेत तर ताई ठेवून घेणार नाहीत. मला काम हवं आहे. इथे दुकानांत, घरांत सगळीकडे विचारून झालं. रिकाम्या बाहीकडे बघतात आणि कळवतो म्हणतात. तुमच्या पत्राच्या पाकिटावर आमच्या कोटावरचाच निळ्या गोलातला पक्षी होता, तेव्हा तुमच्या साहेबांच्या कंपनीकडे अजून लॉन्ड्र्या असतील. रोलरशी नको, पण घडी घालायच्या टेबलाशी मी उभी राहू शकते. घरी करून बघितलं. चादरीचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं हाताने ताणायचं आणि हनुवटीखाली दाबून अर्ध्यावर आणायचं. घडी सरळ बसते. भाऊजींनी बघितलं, त्यांनाही विचारा. दोन हातांच्या बाईपेक्षा हळू होतं हे खरं, पण रोज सराव करते आहे, वेग वाढेल.

साहेबांना एवढं विचारून बघा. लांबच्या गावी असलं तरी जाईन. पगार कमी दिला तरी हरकत नाही.

उत्तर या पत्त्यावर नको, स्टँडसमोरच्या चहावाल्याकडे पाठवा, तो मला आणून देईल. ओळखदेख नसताना एवढं लिहिलं, मनात काही आणू नका.

तुमची,
टकळी